राजकन्येच्या नाकावरची पुटकुळी

पांघरूण नीट घ्या. ओजस, सरक तिकडे, लाथा मारू नकोस. आणि मुक्ते, हनुवटीवरची पुटकुळी कुरतडू नकोस गं! हं, आता ऐका.

एक होता तांबटांचा राजा. घंगाळसेन त्याचं नाव. त्याच्या राज्यात सगळेच तांब्यापितळेची भांडी घडवायचे. राजासुद्धा, बरं का! मुकुट काढून ठेवायचा आणि हातोडी घेऊन बसायचा. दिवसभर नुसतं ठणठण, ठणठण. तिथल्या आज्यांना गोष्टही ओरडूनच सांगावी लागायची.

राजाची लेक कनकी. ती मोठी झाली आणि एकदा काय झालं, तिच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या. कपाळावर आल्या, गालांवर आल्या आणि एक तर नाकाच्या शेंड्यावर, चांगली टपोरी. झालं! कनकी ओढणीत तोंड लपवून खोलीत जाऊन बसली.

आणि दसरा तर जवळ आलेला. त्या राज्यात दसऱ्याला नवी भट्टी पेटायची. ती पेटवायची राजाच्या लेकरानं, सगळ्या गावासमोर, फुंकणीनं फुंकून. डोक्यावरची ओढणी आधी काढायची. का? अरे, ठिणगी उडाली तर पेट घेईल ना! मग त्या भट्टीतले निखारे घरोघर जायचे. ती पेटली नाही, तर गावात एकही भांडं घडायचं नाही. आणि कनकी म्हणते, मी मेले तरी तोंड दाखवणार नाही.

राजा घाबरला. पण तांबटच तो, त्याला दुसरं काय सुचणार? त्यानं चिंच आणि राख आणली. काळं पडलेलं भांडं चिंचेनं लखलखतं, मग लेकीचं तोंड का नाही? घासलं खसाखसा. अगं आई गं! तोंड लालबुंद, आणि पुटकुळ्या दुप्पट. मग बोलावला कल्हईवाला. तो म्हणाला, "महाराज, वरून थर चढवू." त्यानं लोणी, तेल, चंदन असं काय काय कालवून जाड लेप थापला. त्याखाली पुटकुळ्यांची चंगळच झाली! मग राजा म्हणाला, भांड्याला पोचा आला तर आपण ठोकून सपाट करतो. हातोडी काही उचलली नाही हो त्यानं, इतका वेडा नव्हता. पण कनकीनं ते ऐकलं आणि आरशासमोर बसून नखांनी एकेक फोडायला लागली. फुटल्या खऱ्या. पण त्या जागी खड्डे पडले, काळे डाग पडले.

मग ती नाकावरचीला नख लावणार, तेवढ्यात पुटकुळी बोलली! मला काय विचारता कुठून बोलली? असेल तिला बारीकसं तोंड.

"थांब गं बाई! तुमच्या घरात कुणी स्वस्थ बसतं की नाही?"

कनकी रडायचंच विसरली. "तू आलीस कशाला?"

"मी काय हौसेनं आले? तू मोठी व्हायला लागलीस, कातडीतून तेल जास्त सुटायला लागलं, त्यानं बारीक भोकं बुजली. तिथंच मी अडकले."

"मग जाशील कधी?"

"छळायचं थांबवलंत की. तू काय पातेलं आहेस घासायला? सकाळ-संध्याकाळ हलक्या हातानं तोंड धू. केसांचं तेल कपाळावर उतरू देऊ नकोस. उन्हानं डाग गडद होतात, तेव्हा सावलीत राहा. वैद्य देईल ते औषध लाव आणि वाट बघ. आणि ती नखं काप मेली!"

"आणि हे खड्डे?"

पुटकुळी म्हणाली, "डाग फिके पडतील गं हळूहळू. खड्ड्यांचं मला सांगता येत नाही. ते काही मी नाही पाडले."

कनकी खूप रडली. मग उठली आणि तोंड धुतलं, हलक्या हातानं. वैद्याचं औषध लावू लागली. राजा सारखा डोकावायचा, "गेल्या का गं?" आणि ती म्हणायची, "आबा, तुम्ही जा बघू!" नव्या पुटकुळ्या यायच्या कमी झाल्या. नाकावरची एक दिवस न सांगताच निघून गेली. खड्डे मात्र तसेच होते, आणि दसरा उजाडला.

सगळं गाव भट्टीपाशी जमलं. कनकी पुढं आली. तिनं ओढणी काढली, वाकली आणि फुंकलं. नुसता धूर! पुन्हा फुंकलं, पुन्हा धूर. लोक माना उंचावून पुढं सरकले. मग तिनं गाल टम्म फुगवून असं काही फुंकलं, की भडकाच उडाला! केवढा आरडाओरडा झाला म्हणून सांगू! कनकी उठून उभी राहिली आणि हळूच इकडं-तिकडं बघितलं. आपल्या गालांकडं कोण कोण बघतंय? कुणीच नाही. सगळं गाव जाळाकडं बघत होतं.

तिला हसूच फुटलं. मग तीही निखारे वाटायला धावली. पुढं ती राणी झाली आणि सगळं राज्य सुखानं ठणठण करत राहिलं.

काय गं मुक्ते? खड्डे गेले का? डाग गेले. दोन खड्डे राहिले गालावर. राणी झाली तेव्हाही होते, आजी झाली तेव्हाही होते, आणि नातवंडं त्यावरच पापे घ्यायची.

चला, मिटा आता डोळे.