पहिल्या नंबराचा शब्द

ऐका शोधाई, तुमची कहाणी. तांदूळ हातांत धरा गं, आणि मोबाईल जरा उपडे ठेवा.

आटपाट नगर होतं. नगराला वेशी चार, आणि मोबाईल घरोघर. तिथं कुणाला काही हवं झालं, की बाजारात कुणी विचारीत नसे, मोबाईलवर शोधीत. शोधात जे दुकान वर दिसे, त्याच्याकडे जात. खालच्याकडे कुणी फिरकत नसे.

त्या नगरात कालिंदी नावाची एक सून होती. दुकानांची नावं शोधात वर आणायची, हा तिचा धंदा. सासूनं तिला शोधाईचा वसा दिला होता. कामाचा शब्द द्यावा, नंबराचा देऊ नये. नंबर शोधाईच्या हाती. सासू म्हणाली, "उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." कालिंदी म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग समोरच्या माडीवर त्याच धंद्याचा एक दुसरा येऊन बसला. त्यानं पाटी लावली, "महिन्यात पहिला नंबर, गॅरंटी!" मग भांडीवाला आला. कालिंदीला म्हणाला, "पहिला नंबर देशील?" ती म्हणाली, "काम देईन, नंबर नाही." तो उठला, समोर गेला. मग वैद्य आला. त्यानं तेच विचारलं, हिनं तेच सांगितलं. तोही उठला, समोर गेला. मग आल्या द्वारकाबाई.

द्वारकाबाई कोण? बाळंतविडा शिवणाऱ्या. झबली, टोपडी, दुपटी. टाका असा, की बाळाला टोचायचा नाही. कालिंदीच्या लेकीचं बारशाचं झबलं त्यांच्याच हातचं. त्या म्हणाल्या, "पोरी, पहिल्या नंबराचा शब्द दे. नाहीतर मलाही समोर जावं लागेल." कालिंदीचा जीव कळवळला. मावशींना तो समोरचा फसवील, असं वाटलं. आणि बोलून गेली, "महिन्यात पहिल्या नंबरावर आणते. गॅरंटी!" उतली, मातली, घेतला वसा टाकला. मायेनं टाकला हो, पण टाकलाच की!

मग महिना झाला. द्वारकाबाईंनी आपल्या मोबाईलवर शोधलं. दुकान पहिलं! दुसऱ्या दिवशी शोधलं. पहिलं! तिसऱ्या दिवशी शोधलं. पहिलंच! त्यांनी पेढे वाटले. साठ झबली शिवली, घड्या घातल्या, दारात रांगोळी काढली आणि वाट पाहत बसल्या. सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारी पोस्टमन आला, तोही शेजारच्यांचं पत्र घेऊन.

मग कालिंदी भेटायला गेली. पाहते तो काय, मशीनवर चादर घातलेली, आणि बाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. "मावशी, झालं काय?" "तू शब्द पाळलास गं. नंबर पहिला आहे. तरी कुणी येत नाही. म्हणजे माझा हातच गेला. आता शिवणार नाही."

खरी गोष्ट वेगळीच होती. आपण जे दुकान सारखं उघडतो, ते आपल्याच मोबाईलवर वर दिसतं. द्वारकाबाई दिवसातून दहादा स्वतःचंच दुकान उघडून बघत. कालिंदीला हे ठाऊक होतं. पेढा खाताना ती गप्प बसली होती.

मग घरी आली, सासूपुढे रडली. सासू म्हणाली, "रडून काय होतं? हा घे माझा मोबाईल. जा, त्यांच्यासमोर शोध."

कालिंदी गेली. सासूच्या मोबाईलवर शोधलं. पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर नाही. चौथ्या पानाच्या तळाशी द्वारकाबाई! कालिंदी म्हणाली, "मावशी, मी खोटा शब्द दिला. लोकांना तुमचं दुकान दिसतच नाही. मग टाका वाईट कोण म्हणेल?"

"म्हणजे माझ्या हाताला काही झालेलं नाही?"

"काही नाही, मावशी."

"अगं मेले, मग सांगायचंस की! पेढ्यांचं जाऊ दे. दहा दिवस मी माझ्याच हातांवर रुसून बसले होते." रागावल्या, रडल्या, आणि मशीनवरची चादर ओढून काढली.

मग कालिंदीनं पुन्हा वसा घेतला. "झबल्यांचे फोटो घालीन. कापड, माप नीट लिहीन. ज्यांनी नेली, त्यांना खरे दोन शब्द लिहायला सांगीन. नंबराचं मात्र बोलणार नाही." द्वारकाबाई म्हणाल्या, "बोलूच नकोस बाई!"

चार महिने गेले. नंबर आला सातवा. हसू नका गं, सातवाच! पण एक आजी होत्या, भारी चिकित्सक. वरचे सहा बघितले, नाक मुरडलं, सातव्याचा फोटो बघितला, आणि दिवस गेलेल्या सुनेला घेऊन दारात आल्या. झबलं हातात घेतलं, उलटं केलं, आतली शिवण बोटानं चाचपली. म्हणाल्या, "हेच द्या." द्वारकाबाईंनी झबल्याची घडी घालून दिली. पदर डोळ्यांना लावला.

समोरच्याचं काय झालं म्हणता? त्याची पाटी अजून आहे. मी काय करू?

आता फळ सांगा म्हणाल. दरवेळी सांगते, आज नाही सांगत. हा वसा सांगून गॅरंटी कशी देऊ? द्वारकाबाईंना त्यांचा हात जसा परत मिळाला, तसा तुम्हांआम्हांला मिळो. मिळेलच म्हणत नाही, मिळो म्हणते. ही साठां उत्तरांची कहाणी पांचा उत्तरीं, सातव्या नंबरीं, सुफळ संपूर्ण. वाहा आता तांदूळ.