तुळसायचा विस्तव

काडीपेटी अजून आमच्या किनाऱ्यावर पोचायची होती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका, सांगणाऱ्यांनीही मोजलेली नाहीत.

कोंडवेळ गावात तुळसाय नावाची सुईण होती. उजवा पाय अधू, म्हणून हातात कायम शिवणीच्या लाकडाची काठी. एका वर्षी दिवाळी उलटल्यावर वादळ आलं. छपरं उडाली, चुली भिजल्या, चकमकीचा कापूसही चिंब झाला. बापये, गावचे सगळे पुरुष, होड्यांसकट दूरच्या बंदरात अडकलेले. आणि त्याच पहाटे आवडीला मुलगी झाली. पोर बघता बघता गार पडू लागली.

"पोरीक शेक व्हयो," आवडीची सासू रडत म्हणाली. "इस्तो खंयसून हाडू?"

"मी जातंय," तुळसाय म्हणाली. "दिस बुडूच्या आधी येतंय."

विस्तव होता देवखोलच्या देवळात. मध्ये चार कोस नुसती पुळण, समुद्रकाठची वाळू, ना झाड ना घर, फक्त अर्ध्या वाटेवर मधलीवाडी. लंगडत लंगडत ती दुपारच्या आधी पोचली. देवखोलकरांनी गाडग्यात निखारा दिला आणि वर पाच सुकी सोडणं. सोडण म्हणजे नारळाचं जाड साल. ते भडकत नाही, धुमसत राहतं. एक सोडण एक कोस पुरतं. देवखोलची तरणी पोरं म्हणाली, आम्ही नेतो. पण ज्या गावची चूल, त्याच गावचा हात, आणि वाटेत विस्तव खाली टेकवायचा नाही, टेकवला की तो त्या जागेचा झाला, अशी रीत. रीत मोडणाऱ्यांपैकी तुळसाय नव्हती.

मधलीवाडीच्याही चुली विझल्या होत्या. बायका पुळणीवर आल्या. "वायच इस्तो दी गे."

विस्तव मागणाऱ्याला नाही म्हणू नये. तिने उभ्याउभ्या निखारा दिला, उरलेल्या तिनातली दोन सोडणं दिली. बायका म्हणाल्या, जरा टेक.

"बसलंय तर उठूचंय नाय," ती म्हणाली आणि निघाली.

भरती आली होती. ओली घट्ट वाळू पाण्याखाली गेली आणि वरच्या भुसभुशीत वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतू लागले. उरलेल्या एका सोडणात अर्धा कोससुद्धा सरेना. कोंडवेळ लांबवर दिसू लागलं तेव्हा तेही राख झालं. तेव्हा तुळसायने हातातली काठी गाडग्यात खुपसली. काठी जळत गेली आणि ती काठीवाचून चालत राहिली.

तिच्या पायाखाली वाळू सारवलेल्या अंगणासारखी घट्ट झाली, असं म्हणतात. सूर्य पाण्याला टेकला आणि तिथंच थांबला, असंही म्हणतात. शिकलेले लोक हसतात. हसू देत. ती दिलेला शब्द पाळणार हे सूर्याला ठाऊक होतं.

आवडीच्या चुलीपाशी तिने गाडगं टेकवलं. शेगडी पेटली, पोर शेकली आणि टाहो फोडून रडली. तो आवाज ऐकला आणि मग तुळसाय भिंतीला टेकून बसली. सूर्य बुडाला. ती पुन्हा उठली नाही.

मधलीवाडीत आजही प्रत्येक दारात सुकी सोडणं रचलेली असतात, वाटसरूने विचारायचंसुद्धा नाही. आणि कोंडवेळचं पोर पहिलं पाऊल टाकतं ते त्याच पुळणीवर, देवखोलकडे तोंड करून. पडलं तर त्याला कुणी उचलत नाही. आई चार पावलं पुढे शिवणीची काठी धरून उभी असते आणि म्हणते, "ऊठ. तुझ्या वाट्याचा बसणा तुळसाय बसली हा."