बावीस खोपी, एकवीस हवेल्या

शिरवाळे बेटावर अवधूतराजांचा एक हुकूम होता. तो ऐकला की येसूचं पित्त खवळायचं! अक्षय्य तृतीयेला हंगाम संपला, की बेट सोडणाऱ्यानं आपलं घर मोडून जागा मोकळी करायची. जो राहत नाही त्यानं जागा अडवू नये!

आता हे लागू कुणाला? दसऱ्याला राजे आणि त्यांचे एकवीस सरदार हवा खायला बेटावर यायचे. त्यांचं रांधायला, धुणी धुवायला, होड्या वल्हवायला बावीस कुटुंबं राबायची. बेट मुळात त्यांच्याच आज्यापणज्यांचं, पण हवेल्या उठल्या आणि यांच्या वाट्याला पावसात न टिकणाऱ्या झावळांच्या खोपी आल्या. हंगाम सरला की खोप मोडा आणि चालते व्हा! मग पलीकडच्या बंदरात भाड्याची खोली, आणि सगळी कमाई त्या भाड्यात. हवेल्या मात्र कुलूप लावून पाऊस खात उभ्या. पण बोलणार कोण?

येसू बोलली. ती राजांच्या मुदपाकखान्यात रांधायची आणि तिच्या हातच्या सुरमईच्या कालवणावर राजांचा भारी जीव. यंदा तिच्या लेकीला, यमूला, दिवस गेले होते. श्रावणात बाळंतपण! तेही त्या गळक्या खोलीत? ताट वाढता वाढता येसू म्हणाली, "महाराज, आम्हाला बारा महिने राहता येतील अशी बावीस पक्की घरं हवीत."

राजे मोठे हेकट. "बांध की! खजिन्यातला छदाम मिळणार नाही. रयतेवर कर बसवायचा नाही. कुणापुढे हात पसरायचा नाही. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सोय झालेली दिसली तर घरं तुमची. नाही दिसली, तर पुढच्या हंगामात तुझी खोपसुद्धा उभी राहणार नाही!"

"मान्य! फक्त यंदा तो घरं मोडायचा हुकूम बजावायचं काम मला द्या."

राजांना हसता हसता ठसका लागला. "अगं, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"पाय माझाच आहे, महाराज. तुम्ही शिक्का द्या!"

शिक्का मिळाला. यमूनं कपाळावर हात मारला. "आई, काय करून बसलीस हे!" येसू पहारी गोळा करत होती.

अक्षय्य तृतीयेची सकाळ उजाडली. धक्क्यावर होड्या भरल्या होत्या, ओहोटीच्या आत निघायचं होतं. गलेलठ्ठ दाजीसाहेब सरदार घाम पुसत आपल्या हवेलीबाहेर आले, तर दारात येसू! मागे वीस बायका, प्रत्येकीच्या खांद्यावर पहार.

"निघालात, दाजीसाहेब? मग आधी कौलं उतरवू की भिंतीला हात घालू?"

"वेड लागलंय का? बत्तीस खांबांची हवेली आहे ही!"

"म्हणून तर बायका जास्त आणल्या!" येसूनं शिक्क्याचा कागद नाचवला आणि पायरीवर पहार घातली. ठण्ण!

एकवीसच्या एकवीस सरदार पागोटी सावरत राजवाड्याकडे धावले. येसूही मागोमाग पोहोचली.

राजे गरजले, "येसू! हुकूम खोपींसाठी आहे!"

"महाराज, माझी खोप चार हात जागा अडवते म्हणून मोडायची. दाजीसाहेब आता जातील ते दसऱ्यालाच उगवतील. तोवर त्यांच्या हवेलीनं अख्खी टेकडी अडवायची? जो राहत नाही त्यानं जागा अडवू नये, हा न्याय आपलाच. मी आपली हुकमाची चाकर!"

राजे मिशी कुरवाळू लागले. स्वतःचाच शब्द, गिळायचा कसा?

"ओहोटी लागली!" दाजीसाहेब रडकुंडीला आले. "काय हवं ते घे, बाई, पण ती पहार खाली ठेव!"

"मला मागायला बंदी आहे. पण तुमच्या हवेलीत पावसाळाभर रोज दिवा लावणारं कुणी बेटावर असलं, तर हवेली राहती म्हणायची. मग मोडायचं कशाला? आता ते माणूस राहणार कुठं, ते तुम्हीच बघा."

"घर बांधून देतो! पक्कं! परसात चिरे पडलेत, कौलं पडलीत, मृगाच्या आत उभं करतो!"

"मीही देतो!" दुसरे सरदार ओरडले. मग काय, चढाओढच लागली. एकवीस सरदार, एकवीस घरं!

राजांनी बोटांवर मोजलं आणि त्यांचे डोळे चमकले. "थांब! घरं बावीस हवी होती. एक कमी पडलं. हरलीस!"

"एक राहिलंय खरं," येसू म्हणाली. "पण महाराजही आजच निघालेत ना? राजवाडा मोडायला कधी येऊ?"

राजांनी शेवटची अट पुढे केली. "पण... खजिन्यातून छदाम मिळणार नाही!"

"कशाला हवा? मुदपाकखाना बांधलेलाच आहे. हंगामात मी तिथंच चुलीपुढे असते. पावसाळ्यात यमूचं बाळंतपण तिथंच करीन, रोज दिवा लावीन. आपला राजवाडाही राहता!"

राजे असे हसले, असे हसले, की डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि यमूच्या बाळासाठी येसूच्या ओंजळीत टाकलं.

"अरे, मुदपाकखान्याची किल्ली द्या हिला, आधी द्या!" राजे कारभाऱ्यावर ओरडले. "नाहीतर ओठावरची जागा अडवते म्हणून ही माझी मिशीसुद्धा उतरवेल!"