तंबूच्या माळावरचे पहिले ताट

तुम्ही गाडी लावलीत तिथून त्या लिंबापर्यंत सगळा तंबूचा माळ. खुंटेवाडीच्या शिवारातली ही सर्वांत चांगली काळी जमीन, पण इथे कोणी पेरत नाही. मधोमध दगडी ओटा दिसतो ना, त्याच्यात एक खोल, रुंद भोक आहे. पावसाचे पाणी त्यात साचते आणि चिमण्या पितात. बादशहाच्या तंबूचा खांब तिथे रोवला होता, असे सांगतात.

दिल्लीचा बादशहा फौज घेऊन दख्खनेत उतरला होता, तेव्हाची ही गोष्ट. कोणता बादशहा, ते गावात कोणी सांगत नाही. त्याची रीत अशी होती म्हणे, की तंबूंचे दोन संच असायचे. एकात तो राहायचा, तोवर दुसरा पुढच्या मुक्कामाला उभा व्हायचा. तो पोचायचा तेव्हा गालिचेसुद्धा अंथरलेले असायचे. तसा तो दुसरा संच उंटांवर, गाड्यांवर लादून आमच्या गावी आला. माळावर ज्वारी हुरड्यात आली होती. जागा सपाट हवी म्हणून ती कापून उंटांपुढे टाकली.

ते शेत कोंडाईचे. नवरा गेलेला, एकच मुलगा, हैबती. त्याने कापणाऱ्याच्या हातातला विळा हिसकावला. त्याला धरला आणि गाडीच्या चाकाला बेडी घालून बांधला.

तंबूंचा जो दरोगा होता तो काही वाईट माणूस नव्हता, असेही सांगतात. त्याने कोंडाईला बोलावून सांगितले, "पोराला माझ्यापुढे नाक घासू दे. सोडून देतो."

हैबती तयार होता. आईच तयार झाली नाही. बादशहाच्या न्यायाची कीर्ती तिने ऐकली होती. रोज सकाळी तो खिडकीत उभा राहतो, खाली कोणीही फिर्याद सांगावी, गरीब असो की सरदार. ती म्हणाली, "पीक माझं गेलं, आणि नाक माझ्या लेकानं घासायचं? माझा कज्जा आता बादशहापुढे. तो ऐकत नाही तोवर अन्न शिवणार नाही."

दरोग्याने बेडीची किल्ली परत कमरेला खोचली. कारण बादशहाचे नाव घेऊन ठेवलेला कज्जा दुसऱ्या कोणाला मिटवता येत नसे. त्यालाही नाही.

तंबू उभा राहिला. पुढे लाकडी माचा बांधला, त्यावर खिडकी, खिडकीला तांबडा पडदा. रोज सकाळी नगारा वाजे आणि सगळ्यांनी त्या रिकाम्या खिडकीला वाकून सलाम करायचा. धनी नसला तरी त्याच्या जागेला मान द्यायचा, ही त्यांची रीत. गावाला ती कळली नाही. गावाला वाटले, पडद्याआड कोणीतरी आहे, म्हणून तर एवढे मोठे लोक वाकतात. मग माणसांनी बांधाची भांडणे, पळवलेली गुरे, सासरी नांदत नसलेल्या लेकी, सगळे बादशहासाठी राखून ठेवले. पाटलाला कोणी विचारीना. पाटील पारावर बसून म्हणे, "जा, कापडाला विचारा. ते माझ्याहून कमी खातं."

कोंडाई खिडकीखाली बसली. नुसत्या पाण्यावर. ते पाणी तिला चांदभाई आणून द्यायचा. तो फर्राश, म्हणजे तंबू ठोकणारा म्हातारा. तो तिला म्हणे, "माय, तुमचा उपास बादशहाला कोण सांगणार? दोन घास खा."

"आल्यावर मीच सांगेन," ती म्हणे.

चाकापाशी बांधलेला हैबती तिकडून ओरडे, "आये, त्या खिडकीत चिमणी पण बसत नाही गं. जेव तू."

"तू गप. तुझ्यासाठीच बसलेय," एवढेच ती म्हणे. आणि नगारा वाजला की उठून सलाम करी. पुढेपुढे तिला उठवेना, तेव्हा बसूनच करी.

मग एके सकाळी नगारा वाजला नाही. सांडणीस्वार येऊन गेला होता. बादशहाने वाट बदलली होती, तो नदीच्या पलीकडून निघून गेला होता. दुपारपर्यंत दोर सुटले, पडदा उतरला, माचा मोडून गाडीवर गेला. कोंडाईने दरोग्याला लेक मागितला. तो खाली बघून म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी सोडत होतो. आता तो माझा कैदी नाही, बादशहाचा आहे. बादशहा जिथे ऐकेल तिथे सुटेल."

हैबती गाडीमागे बांधलेला चालत गेला. त्या लिंबापाशी त्याने वळून पाहिले म्हणे. पुढे त्याचा कज्जा कोणी ऐकला का, की दरवेळी तंबूबरोबर तोही पुढेच जात राहिला, हे कोणाला कळले नाही.

चांदभाई गेला नाही. मागे राहिलेले खुंट उपटायचे आहेत, असे सांगून तो थांबला. त्याने भाकरी आणली, पाण्यात कुस्करली. कोंडाईने त्याला विचारले, "मग एवढे दिवस मी सलाम कोणाला केला, दादा?"

तो म्हणाला, "कापडाला, माय."

कोंडाईने त्या खांबाच्या भोकाकडे पाहिले. मग तिने हात पुढे केला आणि घास घेतला. पण पोटाने तो घेतला नाही. ऊन उतरायच्या आत ती गेली. त्या म्हाताऱ्यानेच ओट्याशेजारी खड्डा खणला, तंबूचे खुंट उपटायच्या पहारीने. तो परत फौजेत गेला नाही. त्याचे घर अजून गावात आहे, जत्रेचा मांडव त्या घरचेच घालतात. मांडवाला छत असते, पण पडदा लावत नाहीत.

सुगीनंतर या माळावर गावजेवण होते, ते मात्र कोणासाठी थांबत नाही. मागे एक मोठे साहेब येणार होते. ते पोचले तेव्हा पातेली घासून पालथी घातली होती. साहेब रागावले. आमच्या एका म्हातारीने त्यांना ओटा दाखवला आणि शिळ्या भाकरीवर ठेचा वाढला. त्यांनी खाल्ला.

आजही अन्न शिजले की पहिले ताट त्या ओट्यावर जाते. फर्राशांच्या घरातला कोणीतरी ते वाढतो, भाकरी पाण्यात कुस्करून, मऊ करून. वाढताना म्हणतो, "माय, जेवून घे. कोणी येणार नाही."

मग पंगत बसते.