उडाणराव अडगळीत शिरतात

केळे काळे पडायला जितके दिवस लागतात तितक्याच दिवसांपूर्वीची ही गोष्ट, म्हणजे माशांच्या हिशेबाने प्राचीन काळ. एका फळमाशीच्या पोटात अंडे होते आणि अंड्यात नवी माशी घडवण्याची पोथी. पोथीत हवी तिथे उडी मारून बसणाऱ्या उपटसुंभ ओळींना गप्प करायला चिमटी नावाची इवलीशी चिठ्ठी पहाऱ्यावर होती. मात्र ज्या ओळीचा तुकडा पोथीच्या कोपऱ्यातल्या अडगळीत पडलेला असेल, तीच ओळ तिच्यासारख्या पहारेकरी चिठ्ठ्यांना ओळखता येई.

उडाणराव ही ओळ या माशीला तिच्या बापाकडून नुकतीच आलेली, त्यामुळे अडगळीत त्यांचा तुकडा नव्हता. डोळ्यांच्या पानावर, पंखांच्या पानावर, बसतील तिथे ते आपली नक्कल सोडत. अजून चार उड्या, की अंडे वाया जाणार होते.

"आम्हाला अडवणार कोण गं? तू?" राव चिमटीकडे बघून हसले.

"छे हो, रावसाहेब! तुम्ही सगळीकडे बसलात. अडगळीत मात्र तुम्हाला कोणी जागा देणार नाही. तिथे जुनी, बडी घराणी असतात म्हणे."

"आम्हाला जागा नाही?" म्हणत रावांनी थेट अडगळीत उडी घेतली.

अडगळीचा रिवाज साधा होता. आत येईल त्याच्या चिठ्ठ्या करायच्या. घटकाभरात रावांच्या चेहऱ्याच्या हजार चिठ्ठ्या बाहेर पडल्या आणि पोथीभर फिरून त्यांच्या नकलांची तोंडे बंद करू लागल्या.

"अगं, ती माझी माणसं आहेत!" राव आतून ओरडले.

"म्हणून तर चटकन सापडली," चिमटी म्हणाली.