आत्याची आरोळी

शिवारभर ज्वारी डुलायची, त्या दिवसांतली गोष्ट आता गोफणीलाच आठवत होती. पाखरं राखणारी सुभद्राआत्या वारली, रानात ऊस आला आणि तिची गोफण गोठ्यातल्या खुंटीला लटकून राहिली.

एकदा घरट्यासाठी धागे शोधत साळुंकी आली. गोफण ओशाळली. "माझ्याकडे काय मागतेस, बाई? जन्मभर तुमच्यावर दगड भिरकावले. तेही कधी धड लागले नाहीत."

साळुंकी हसली. "लागतील कसे? आत्या आधी आरोळी ठोकायची. आम्ही उडालो, की मगच दगड सोडायची."

गोफण म्हणाली, "ने, हवे तेवढे धागे ने. फक्त तिची ती आरोळी एकदा काढून दाखव."

साळुंकीनं गळा फुगवला. "हाऽऽ हाऽऽ!"

वारा नव्हता, तरी खुंटीवरची गोफण गरगर फिरली.