वळू, कोल्हा आणि पेंदाचे दही

दूर आफ्रिकेत, वाळवंटाच्या कडेच्या एका माळरानावर, फुलबे गुराख्यांच्या कळपात एक वळू राहत असे. अंगाने धिप्पाड आणि गर्व अंगाहून मोठा. मुलांनो, फुलबे लोकांची रीत अशी, की गुरे चारायची पुरुषाने, पण दूध बाईचे. किती काढायचे आणि वासरासाठी सडात किती ठेवायचे, हे तीच ठरवते. बेल्लो गुराख्याची बायको पेंदा भोपळ्याच्या मोठ्या भांड्यात दही घेऊन शेतकऱ्यांच्या गावी जाई आणि बदल्यात बाजरी आणी. त्याच बाजरीवर घर जेवत असे.

कळपातल्या एका अशक्त वासरावर कोल्ह्याचा डोळा होता. दुष्काळात गुरांना पाणी गावाच्याच विहिरीवर मिळते आणि गाव ओळखते ते पेंदाला, हे त्या लबाडाला पक्के ठाऊक होते. तो वळूला म्हणाला, "राजे, राग मानू नका, पण उन्हातान्हात हिंडायचं तुम्ही आणि दही मात्र ती बाई गावभर वाटत फिरणार! वासरांच्या तोंडचा घास हो तो."

झाले! वळू मुळातच हलक्या कानाचा. दुसऱ्या सकाळी त्याने पेंदाच्या भांड्यावर अशी लाथ झाडली, की भोपळ्याला उभी चीर गेली आणि दही मातीत मिळाले. लग्नात आईने दिलेले ते भांडे पेंदा डोळे पुसत, चिरेच्या कडेने भोके पाडून दोऱ्याने शिवू लागली. काम किचकट, त्यात बरेच दिवस गेले. तोवर बेल्लोने दुसऱ्या भांड्यातून दही गावी न्यावे? छे! दह्याचे भांडे डोक्यावर घ्यायची त्याला लाज वाटे.

अशातच माळावरचे तळे आटले. बेल्लोने गुरे गावच्या विहिरीकडे हाकली. कुंपणापाशी माणसे काठ्या घेऊन उभीच होती.

"कुणाची गुरं?"

"माझी. बेल्लोची."

"कोण बेल्लो? असे छप्पन्न बेल्लो रोज येतात. पाणी आमच्यापुरतंच आहे. मागे फीर!"

वळू शिंगे रोखून पुढे सरसावला, तशा दहा काठ्या उगारल्या गेल्या. तो थबकला. त्याच्या मागे त्या अशक्त वासराचे गुडघे वाकले आणि ते खाली बसले. झुडपाआड कोल्हा जिभल्या चाटत होता. आता मात्र कोल्ह्याचा डाव वळूच्या ध्यानात आला आणि आपल्या लाथेचा त्याला पस्तावा झाला.

तेवढ्यात गाढवावर सामान लादून पेंदा मागून आली. तिला पाहताच गावातली एक म्हातारी पुढे झाली.

"अगं बाई, पेंदा! होतीस कुठे इतके दिवस? नातवंडांनी दही दही करून माझा जीव खाल्ला."

"भांडं फुटलं होतं, आजी. ही आमचीच गुरं. ते वासरू बघा, जातंय हो! आधी त्याला पाजू द्या."

म्हातारी गावकऱ्यांवर कडाडली, "काठ्या टाका खाली! पेंदाची गुरं तहानेनं मेली, तर पोरांना तोंड कसं दाखवाल?"

कुंपण उघडले. पेंदाने वासराच्या तोंडाशी पाणी धरले. पहिला घोट बाहेर सांडला, दुसरा आत गेला, आणि थोड्या वेळाने ते धडपडत उठले. कोल्ह्याने हळूच काढता पाय घेतला. वळू मात्र मान खाली घालून दूरच उभा राहिला. तेव्हा वासराची आई त्याला म्हणाली, "ये, पी आता. पेंदाच्या ओळखीचं पाणी आहे."

तात्पर्य : घराला चार माणसांत ओळख मिळवून देणाऱ्या हातांना कधी कमी लेखू नये, अडचणीत तीच ओळख पाणी पाजते.